पिशवीबरोबर काय काय गेलं

आमच्या खान्देशात बाईचं ‘ऑपरेशन झालं’ म्हटलं की ऐकणारी तिचं वय बघून अर्थ लावते. पंचविशीतली असेल तर कुटुंबनियोजनाचं, पस्तिशी-चाळिशीतली असेल तर पिशवीचं. ‘तिनी पिशवी काढेल शे’ एवढं अहिराणीत सांगितलं की विषय संपतो. गर्भाशय हा पुस्तकातला शब्द. घरात, शेतात, एस.टी.त शब्द एकच, पिशवी. लेकरं ठेवायची जागा. लेकरं झाली, तिचं काम संपलं, आता त्रास देते तर काढून टाका.

या शब्दात अंडाशय कुठेच नाहीत. आमच्या बायकांचे पुढचे बरेचसे हाल तिथूनच सुरू होतात, असं माझं मत आहे.

माझी पिशवी सदतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून फार जायचं, सोनोग्राफीत ‘सूज’ आली आणि ‘ठेवली तर पुढं कॅन्सर होईल’ या एका वाक्यावर घरच्यांनी सही केली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘टी.ए.एच. + बी.एस.ओ.’ ते कार्ड सहा वर्षं गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली पडून होतं. नात्यातल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीनं एकदा ते वाचलं आणि विचारलं, ‘मावशी, तुमचे अंडाशय पण काढलेत, माहिती आहे ना?’ मला माहिती नव्हतं. टी.ए.एच. म्हणजे पोट उघडून पूर्ण गर्भाशय काढणं. बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या आणि दोन्ही अंडाशय काढणं. जी पाळी दहा वर्षांनी हळूहळू गेली असती, ती एका सकाळी गेली. सहा वर्षांची रात्रीची जाग, अंगातून उठणाऱ्या वाफा, सांधेदुखी, उगाच येणारं रडू हे सगळं त्या तीन अक्षरांत लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी या विषयाचं जे मिळेल ते वाचत गेले. गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि अंडाशयांचं ज्ञान यांचा इतिहास एकाच वेगानं पुढं गेलेला नाही. हात आधी शिकले, कारण नंतर कळलं.

पोट उघडून गर्भाशय काढण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक १८४३ साली मँचेस्टरला चार्ल्स क्ले यांनी केला. तेव्हा ईथरची भूलसुद्धा नव्हती. ती बाई वाचली नाही. दहा वर्षांनी अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांची रुग्ण वाचली, पण त्यांनी पोट उघडलं होतं अंडाशयाची गाठ समजून. भूल, जंतुनाशकं, पुढं रक्त चढवणं आणि प्रतिजैविकं आली तसं हे ऑपरेशन जिवावरचं राहिलं नाही. ज्यांना खरोखर कर्करोग होता, मोठ्या गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता अशा असंख्य बायका त्यानं वाचवल्या. हे मी मनापासून म्हणते. ऑपरेशनशी माझं वैर नाही.

१८७२ सालाशी मात्र आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जननं एका तिशीतल्या बाईचे अंडाशय काढले. पाळीच्या वेळच्या त्रासावर पाळीच कायमची बंद करायची, म्हणजे रजोनिवृत्ती मुद्दाम घडवून आणायची, हाच त्यांचा उपाय होता. त्याच वर्षी जर्मनीत हेगर आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही अशाच शस्त्रक्रिया केल्या. पुढची काही दशकं पोटदुखी, फेफरं, ‘वेड’ अशा कारणांवर धडधाकट अंडाशय काढले गेले. अंडाशय नेमकं काय करतात हे काढणाऱ्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. १८९६ साली व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी सशांमध्ये अंडाशयांचं पुन्हा रोपण करून दाखवलं की ते रक्तात काहीतरी सोडतात आणि त्यावर बाकीचे अवयव टिकतात. ते ‘काहीतरी’, म्हणजे इस्ट्रोजेन कुळातलं संप्रेरक (हार्मोन), शुद्ध रूपात हाती आलं १९२९ साली. मधल्या सत्तावन्न वर्षांतल्या बायकांचं काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

रजोनिवृत्तीचं नैसर्गिक वय काही नवं गूढ नव्हे. सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. आज भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. पंचेचाळिशीच्या आत गेली तर ती लवकर, चाळिशीच्या आत गेली तर अकाली. ऑपरेशननं आलेली रजोनिवृत्ती आणखी वेगळी, कारण तिच्यात उतरण नाही, सरळ कडा आहे. अंडाशय जागेवर ठेवले तरी गर्भाशय काढलेल्या बायकांमध्ये ते काही वर्षं आधी थकण्याचा संभव वाढतो. पाळी आधीच बंद असल्यानं ते कधी थकले हे कळायलाही खूण उरत नाही.

संप्रेरकाच्या गोळीची कथा तर हेलकाव्यांचीच. १९४२ साली अमेरिकेत इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली आणि पुढं तिला तारुण्याचं औषध म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. १९७५ साली कळलं की गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग त्याला प्रोजेस्टिन या दुसऱ्या संप्रेरकाची जोड आली. २००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतला दोन्ही संप्रेरकं एकत्र देण्याचा भाग स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढल्याचं दिसल्यानं थांबवला आणि जगभर घबराट झाली. पण त्या चाचणीतल्या बायका पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या होत्या, सरासरी वय त्रेसष्ट. सदतिसाव्या वर्षी अंडाशय गेलेल्या बाईचा तिथं प्रश्नच नव्हता. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला दुसरा भाग २००४ साली पक्षाघाताच्या वाढीमुळं थांबला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. ही दुसरी बातमी आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलीच नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘हार्मोननं कॅन्सर होतो, कॅल्शियम घ्या.’

दरम्यान उलट बाजूचा पुरावा जमत होता. २००६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या वॉल्टर रोका यांच्या अभ्यासात दिसलं की पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं. २००९ साली अमेरिकेतल्या २९,३८० परिचारिकांच्या अभ्यासातून निघालं की गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढल्यानं अंडाशयाचा कर्करोग घटतो खरा, पण हृदयविकार वाढतो आणि एकूण मृत्यूही. ‘पोट उघडलंच आहे तर तेही काढून टाकू’ या जुन्या सवयीला त्यानं जबर धक्का दिला.

आता आपल्याकडं. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. खान्देशातही चित्र वेगळं असेल असं मला वाटत नाही. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पाळीत पॅड किंवा कापड ओलंच ठेवून दिवसभर कापूस वेचणं हे सगळं बाईनं गिळायचं. सरकारी योजनांना बाई दिसायची ती गरोदर, बाळंत किंवा नसबंदीच्या यादीत. नसबंदी पंचविशीत उरकली की पुढची वीस वर्षं तिच्याकडं बघायला दवाखान्यात कुणी नाही. मग तालुक्याला सोनोग्राफी आली, खाजगी नर्सिंग होम आली. वर्षानुवर्षं दबलेल्या दुखण्याला एकच दार उघडं मिळालं, आणि त्या दारावर ऑपरेशनची पाटी होती. डॉक्टरांच्या लोभाबद्दल पुष्कळ बोललं जातं, ते खोटंही नाही. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी स्वतःहून म्हटलंय, ‘काढा एकदाची, कटकट जाईल.’ विटाळ पाळायचा ताण, मजुरीचा खाडा आणि कॅन्सरची भीती हे तिन्ही एकत्र आले की बाई दुसरं काय म्हणणार?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं हा प्रश्न थेट विचारला. १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं, आंध्र प्रदेशात ८.९ टक्के. त्यातली बहुतेक ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत झालेली. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे सहातली एक. तेव्हा सगळ्यांनी बीडकडं बोट दाखवलं. नंदुरबार-धुळ्यातूनही दरवर्षी जोडपी कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या कारखान्यांना जातात, पालात राहतात, तीही ओझी उचलतात. त्यांच्याकडं वळून बघायला बीडची बातमी व्हावी लागली नसती तर बरं झालं असतं.

राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक ऑपरेशनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात २०१३ साली याचिका केली होती. केंद्रानं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानं सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत त्या लागू करायला सांगितलं. दहा वर्षं लागली, पण झालं.

ऑपरेशननंतरच्या बाईबद्दल मात्र अजूनही फार कमी बोललं जातं. आमच्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, जड उचलायचं नाही, वाऱ्यात जायचं नाही. पिशवीवालीला टाके निघेपर्यंतचे आठ-दहा दिवस. पोट उघडलेलं असताना आतले टाके भरायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणजे हिशेब सव्वा महिन्याच्या जवळच येतो. पण लेकरू झालेलं नसतं, त्यामुळं घराला विश्रांतीचं कारण दिसत नाही. माझं ऑपरेशन फाल्गुनात झालं आणि चैत्रात मी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ घाटत होते. घाटताना टाक्यापाशी ओढ बसायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा माय माझं तोंड बघून रडली, पण तिनंही विचारलं ते एवढंच, ‘आता पोटमा दुखस का?’

वाफांचं तर कुणाला कळलंच नाही. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, धाब्याच्या गच्चीवर झोपलेलं सगळं घर घामेजलेलं असतं. ‘आंगनी आग व्हस’ म्हटलं तर उत्तर यायचं, ऊन सगळ्यांनाच आहे. पौषात, कडाक्याच्या थंडीत, मी मध्यरात्री गोधडी फेकून ओट्यावर जाऊन बसले तेव्हा नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं की हे काहीतरी वेगळं आहे. जवळीक दुखरी झाली, त्याबद्दल तर बोलायला शब्दच नव्हते. खालचा कोरडेपणा हे इस्ट्रोजेन गेल्याचं साधं लक्षण आहे आणि त्यावर लावायचं मलम मिळतं, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आज या बाबतीत वैद्यकाचं म्हणणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नैसर्गिक वयाच्या फार आधी दोन्ही अंडाशय गेले आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असं काही आड येत नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार करावा. गर्भाशय नसेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. ते फक्त वाफांसाठी नसतं, हाडं आणि हृदय यांच्यासाठीही असतं, कारण पहिल्या काही वर्षांतच हाडं झपाट्यानं विरळ होतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. हाडांची तपासणी, रक्तदाब, साखर, रोजचं चालणं, ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम हे सगळ्यांनाच लागतं. आणि मन खचलं तर ‘बाईपण गेलं म्हणून’ असं म्हणून सोडू नये, त्यावरही उपचार आहेत.

ऑपरेशनच्या आधी करून बघायचे उपाय तर याहून सोपे. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची कॉइल, नुसत्या गाठी काढणं, आणि सगळ्यात आधी अंगातलं कमी झालेलं रक्त भरून काढणं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या जिजीच्या सुनेला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. वय अडतीस, गाठ मोठी, हिमोग्लोबिन सात. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही काढायलाच सांगितलं. आधी लोहाची इंजेक्शनं झाली. सहीच्या कागदावर तिनं स्वतः विचारून लिहून घेतलं की अंडाशय चांगले दिसले तर ठेवायचे. ते चांगले होते, ठेवले. काढलेलं गर्भाशय तपासायला गेलं, त्याचा रिपोर्टही तिनं मागून आणला आणि फाइलीत लावला.

घरी आल्यावर मी जिजीशी बसून बोलले. जिजी ऐकून घेत होती, हो-नाही काहीच म्हणाली नाही. महिनाभरानं नळाला पाणी आलं तेव्हा मी दारातच उभी होते. सुनेनं भरलेल्या हंड्याला हात घातला, तशी जिजी ओट्यावरून ओरडली, ‘ठेव तो हंडा, पोरी. आजून सव्वा महिना व्हयना नही.’