पहिले वर्ष नकोसे होणे आणि शाखाच नकोशी होणे

अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की अनेक घरांत "मला हे जमणार नाही, मी दुसरीकडे प्रवेश घेतो" हे वाक्य ऐकू येते. त्याचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो. एखाद्याला पहिले वर्ष नकोसे झालेले असते, तर एखाद्याला ज्या विषयाची पदवी घ्यायची आहे तो विषयच नकोसा झालेला असतो. वरून पाहता दोघे सारखेच दिसतात : तासांना दांडी, सबमिशनची कामे शेवटच्या रात्री, घरी फोनवर त्रोटक उत्तरे. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. पहिल्याने तग धरायला हवा आणि दुसऱ्याने वेळेत बाहेर पडायला हवे. या दोहोंत गल्लत झाली, तर एक जण चांगली जागा सोडून बसतो आणि दुसरा नावडत्या विषयात आणखी तीन वर्षे घालवतो.

अभियांत्रिकीत ही गल्लत विशेष होते, कारण तेथील पहिले वर्ष बहुतांशी सर्व शाखांना समान असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, ग्राफिक्स (अभियांत्रिकी रेखांकन), विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, थोडे प्रोग्रॅमिंग आणि वर्कशॉप असा साधारण आराखडा असतो. संगणक शाखेतील मुलीला घर्षणाची आणि बलांच्या समतोलाची उदाहरणे सोडवावी लागतात, मेकॅनिकलच्या मुलाला पाण्याची कठीणता काढावी लागते. ज्या शाखेसाठी प्रवेश घेतला तिची खरी ओळख दुसऱ्या वर्षी होते : स्थापत्यमध्ये सर्वेक्षण, मेकॅनिकलमध्ये उष्मागतिकी, संगणकमध्ये डेटा स्ट्रक्चर्स. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमांत शाखेचा एखादा विषय पहिल्याच वर्षी येऊ लागला असला, तरी मूळ चित्र फारसे बदललेले नाही. त्यामुळे "मला सिव्हिल आवडत नाही" असे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याने सिव्हिल अजून पाहिलेलेच नसते, ही शक्यता आधी तपासली पाहिजे.

पहिल्या वर्षात गुण घसरण्याची कारणेही बहुधा शाखेबाहेरची असतात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचे पन्नास बहुपर्यायी प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दोन वर्षे त्या पद्धतीने तयारी केलेल्या विद्यार्थ्यापुढे विद्यापीठाची वर्णनात्मक प्रश्नपत्रिका येते. तेथे पर्यायांवरून उत्तर ताडता येत नाही, एकेक पायरी मांडून दाखवावी लागते. त्यातच प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे पहिले सत्र आखडलेले असते, तालुक्याच्या गावाहून आलेल्याला वसतिगृह, मेस आणि इंग्रजीतून चालणारे तास हे सगळे एकदमच अंगावर येते. अशा वेळी 'एम-वन'ला, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताला, एटीकेटी लागली (तो विषय राहिला), तर त्यावरून त्याचा कल कुठे आहे याविषयी काहीही सिद्ध होत नाही. मला तर वाटते की, पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेवर घेतलेला निर्णय हा सर्वांत कच्च्या पुराव्यावर घेतलेला निर्णय असतो.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिच्याकडे पालकांचे लक्ष क्वचितच जाते. दहापैकी साडेआठ सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) मिळवणारा विद्यार्थी चुकीच्या पदवीत असू शकतो. अपेक्षित प्रश्नांचे संच पाठ करून चांगले गुण पडतात, परंतु परीक्षा संपल्यावर त्या विषयाचे पान पुन्हा उघडावेसे वाटत नाही, त्यातील एखादी गोष्ट कुणाला सांगावीशी वाटत नाही, आणि पुढच्या वर्षाच्या विषयांची नावे वाचून मन जड होते. हे टिकून राहिले आणि वातावरणाची सवय झाल्यावर, मित्र मिळाल्यावरही दुसऱ्या सत्रात कमी झाले नाही, तर प्रश्न वर्षाचा नसून विषयाचा आहे, असे मानायला हरकत नाही.

खात्री करून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पुढच्या वर्षांचे काम प्रत्यक्ष पाहणे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तो वाचावा, पण तेवढ्यावर थांबू नये. स्थापत्यच्या विद्यार्थ्याने एक सकाळ दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकाला घालवावी. उन्हात एक जण स्टाफ, म्हणजे आकडे कोरलेली उंच मोजपट्टी, धरून उभा असतो, दुसरा दुर्बिणीतून रीडिंग घेतो, तिसरा लेव्हल बुकात (उंचीच्या नोंदवहीत) आकडे भरतो, आणि शेवटी सर्व बॅकसाइटच्या (उपकरण मांडल्यावरच्या पहिल्या रीडिंगच्या) बेरजेतून फोरसाइटची (उपकरण हलवण्यापूर्वीच्या शेवटच्या रीडिंगची) बेरीज वजा करून येणारा आकडा पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंच्या उंचीतील फरकाशी जुळतो की नाही, ते पाहिले जाते. तो जुळला नाही तर चूक आकडेमोडीत कुठे झाली हे शोधावेसे वाटते का, की केव्हा एकदा घरी जातो असे होते? संगणकच्या विद्यार्थ्याने लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकमेकांना साखळीसारख्या जोडलेल्या घटकांच्या यादीत, मधेच एक नोड (घटक) घालणारा प्रोग्रॅम स्वतः लिहून पाहावा. पॉइंटर (पुढच्या घटकाचा पत्ता) चुकीच्या क्रमाने बदलला की पुढची सारी यादी हातची जाते, आणि ती का गेली हे कागदावर खोके-बाण काढून शोधावे लागते. या शोधात गोडी वाटणे हा गुणांपेक्षा खूपच भरवशाचा पुरावा आहे.

हा भेद सर्वच पदव्यांना सारखा लागू होत नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात आणि रुग्णांशी संबंध थोडाच येतो. तेथेही धीर धरणे योग्य. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात सुरुवातीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असते. बीकॉमचे मात्र तसे नाही. पहिल्याच वर्षी लेखाकर्म असते आणि ते पुढेही असतेच, म्हणून तेथे आलेला कंटाळा गांभीर्याने घ्यावा.

निदान झाल्यावर उपायांतही फरक करावा लागतो. अभियांत्रिकी आवडते पण शाखा चुकली, असे असेल तर दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी शाखाबदलाचा मार्ग असतो. तो रिक्त जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर अवलंबून असल्यामुळे संगणकासारख्या मागणीच्या शाखेत जागा मिळेलच, असे धरून चालू नये. अनेक संस्थांत अठरा ते वीस जादा श्रेयांक (क्रेडिट) घेऊन दुसऱ्या शाखेची 'मायनर' पदवी घेता येते. शाखा न सोडता आवड जपण्याचा हा मार्ग फार जणांना ठाऊक नसतो. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राअखेर मुख्य विषय बदलण्याची विनंती करता येते. एका वर्षानंतर बाहेर पडायचे झाल्यास 40 श्रेयांक आणि उन्हाळ्यातील 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केलेल्याला प्रमाणपत्र मिळते, तीन वर्षांच्या आत परतता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. अभियांत्रिकीतून कला शाखेत जाणाऱ्याने मात्र आधीचे श्रेयांक नव्या पदवीत धरले जातील, अशी आशा ठेवू नये. ते नवी संस्था ठरवते.

पूर्ण बदल करायचा तर शुल्क, शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्ती यांचा विचार आवेगाने करून चालत नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने अभ्यासक्रम बदलल्यावर ती चालू राहील का, हे कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. प्रवेश रद्द करताना मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे, हेही लक्षात असू द्यावे.

सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची असते. शाखाबदलाची वेळ निकालानंतर येते, तर नव्याने प्रवेश घ्यायचा असल्यास सीईटी पुन्हा द्यावी लागते आणि तिची नोंदणी दुसरे सत्र चालू असतानाच होऊन जाते. म्हणजे ज्याला मोठा बदल हवा आहे त्यालाच आधी हालचाल करावी लागते. म्हणून मन डळमळीत असलेल्याने सीईटीचा अर्ज मुदतीत भरून ठेवावा, दुसऱ्या सत्राचा अभ्यास मात्र सोडू नये, आणि घरी त्याच वेळी सांगावे की अर्ज भरला म्हणजे प्रवेश सोडला असे नाही, निर्णय दुसऱ्या सत्राचा निकाल पाहून घेतला जाईल.