परसबागेतल्या मातीतील फेज : शोधामागचा इतिहास

जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजचा (थोडक्यात फेजचा), माग भारतापर्यंत येतो. ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जिवाणू मरतात, मात्र पाणी उकळल्यावर त्याचा हा गुण जातो, असे नोंदवले. तो गुण फेजचाच होता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे 1915 मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि 1917 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स डेरेल यांनी हे विषाणू स्वतंत्रपणे शोधले; नाव डेरेल यांनी दिले. पेनिसिलिन आल्यावर पाश्चात्त्य देशांत फेज-उपचार, म्हणजे फेज देऊन जिवाणूंचा संसर्ग बरा करणे, मागे पडला, पण जॉर्जिया देशातील तिबिलिसी येथे तो टिकून राहिला.

विद्यार्थ्यांना या शोधात ओढण्याचे श्रेय मुख्यतः पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे जाते. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या पाठबळावर 2008 पासून अमेरिकेतील महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुले मातीतून फेज वेगळे करून त्यांना नाव देऊ लागली. यजमान, म्हणजे फेज ज्याच्यात वाढतो तो जिवाणू, म्हणून त्यांना सहसा मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिस देतात, जो क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी भाऊबंद आहे. याच परंपरेतला ‘मडी’ हा फेज दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका सडक्या वांग्यावर सापडला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, औषधांना न जुमानणारा संसर्ग झालेल्या लंडनच्या 15 वर्षांच्या मुलीला दिलेल्या तीन फेजच्या मिश्रणात तो होता. उरलेल्या दोघांत जनुकीय फेरफार करावे लागले. मडीत काहीच बदलावे लागले नाही. वांग्याचे हे कौतुक आपल्याकडे कुणाला पटायला वेळ लागणार नाही.

विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम आवाक्यातले आहे, कारण फेज टिपायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. न्हाणीचे पाणी मुरते तिथली किंवा शेणखताच्या ढिगाखालची सावलीतली ओलसर माती पोषक द्रवात ढवळायची, वरचे पाणी 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचे, म्हणजे जिवाणू मागे राहतात आणि फेज पार होतात. ते पाणी यजमान जिवाणूंसह पातळ अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात) मिसळून पेट्रीडिशमध्ये ओतले, की एक-दोन दिवसांत जिवाणूंच्या धुरकट थरावर स्वच्छ गोल डाग उमटतात. असा प्रत्येक डाग साधारणतः एका फेजपासून वाढलेला असतो. मे महिन्यात भेगाळलेल्या उघड्या शेतातली माती घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण ऊन आणि कोरडेपणा फेजला मानवत नाही.

कोणता फेज मिळेल हे यजमानावर ठरते, कारण तो आपल्या ठरावीक जिवाणूखेरीज इतरांना सहसा शिवत नाही. म्हणून अमेरिकेतलाच यजमान घेण्याची सक्ती नाही. सोयाबीन-तुरीच्या बियाण्याला पेरणीपूर्वी रायझोबियम संवर्धन, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून पिकाला नत्र पुरवणारे जिवाणू, लावतात. त्या जिवाणूंवर वाढणारे फेजही मातीत असतात आणि ते संवर्धनाचा परिणाम घटवू शकतात. सोयाबीन पिकवणाऱ्या भागातल्या विद्यार्थ्याने रायझोबियमच यजमान म्हणून घ्यावा, हे अधिक सयुक्तिक वाटते.