औषधाच्या बाटलीपासून पंचगंगेपर्यंत

१८८६ मध्ये कोल्हापूर दरबाराने फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशींना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. आजचे कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय ते हेच. आनंदीबाई कोल्हापूरला रुजू होऊच शकल्या नाहीत; फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. या नेमणुकीविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. त्या काळच्या दवाखान्यांत औषध तयार करून हातात देणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही, आणि फार्मसी कॉलेजची गोष्ट तर त्याच्यापासूनच सुरू होते.

त्या माणसाला सगळे कंपाउंडर म्हणत. घरून आणलेल्या बाटलीत तो मिक्श्चर भरून देई, बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवी, एक खाच म्हणजे एक डोस. जुन्या पेठांतल्या आजी-आजोबांना ती पट्टी आणि लाल औषधाची चव अजून आठवते. कंपाउंडरचे शिक्षण बहुतेक वेळा डॉक्टरच्या हाताखालीच होई. हात बसला की झाले.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला १९३०-३१ मध्ये. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या औषध चौकशी समितीने देशभर फिरून पाहणी केली आणि बाजारात भेसळीची, कमी ताकदीची औषधे किती आहेत आणि ती देणारे हात किती अप्रशिक्षित आहेत, हे सरकारसमोर मांडले. त्यानंतर १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी विद्यापीठ पातळीवर औषधशास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषधांचा कायदा आला, १९४८ मध्ये फार्मसी कायदा. नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यावे हा नियम त्यातून आला. दुकानाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले प्रमाणपत्र आपण रोज पाहतो, त्याच्यामागे एवढा इतिहास आहे.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. फार्मसी कॉलेजे या भागात वाढली ती मुख्यतः १९८३ नंतर, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर. कोल्हापुरात चित्रनगरीच्या बाजूला, वारणानगरला, पेठ वडगावला, गडहिंग्लजजवळ महागावला अशी कॉलेजे उभी राहिली. त्या धोरणावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. पण ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या घरांतल्या मुला-मुलींना बी.फार्म, म्हणजे फार्मसीची पदवी, करायला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागली नाही, हेही तितकेच खरे. ही मुले ज्या गावांतून येतात तिथेच आरोग्याचे काम करायचे असते, म्हणून मला ही बाब महत्त्वाची वाटते.

पण बराच काळ अभ्यासक्रमाचे तोंड कारखान्याकडे होते. गोळी कशी दाबायची, तिच्यावर लेप कसा चढवायचा, पोटात ती किती मिनिटांत विरघळते, हे शिकायचे आणि कंपनीत लागायचे. फार्मसीच्या पदविकेच्या १९९१ च्या नियमांत ‘आरोग्यशिक्षण आणि सामुदायिक फार्मसी’ हा विषय आला. २०१७ पासूनच्या बी.फार्म अभ्यासक्रमात सामाजिक व प्रतिबंधात्मक फार्मसी, म्हणजे लोकांचे आरोग्य राखण्याचा आणि आजार टाळण्याचा विषय, आली, पर्यावरणशास्त्रही आले. पदविकेच्या २०२० च्या नियमांनी सामाजिक फार्मसी पहिल्याच वर्षात आणली. त्याआधीपासून, १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे सात दिवसांचे गावातले शिबिर कॉलेजांच्या परिचयाचे होतेच. आता अभ्यासाचा विषय आणि शिबिर यांची गाठ पडली.

अशा शिबिरात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासले जाते आणि त्याचे फोटोही निघतात. खरी शिकवण मात्र घरातला औषधांचा डबा उघडल्यावर मिळते. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून दिलेली असते, त्यामुळे मुदतीची तारीख दुसऱ्याच कोणाच्या तुकड्यावर गेलेली. बरे वाटू लागले म्हणून बीपीची गोळी बंद केलेली. इन्सुलिन फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून गोठलेले, आणि एकदा गोठले की ते वापरायचे नसते. दमेकरी पंप तोंडात धरतो, पण दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ बसत नाही. तापावर ‘मेडिकल’मधून दोन अँटिबायोटिक गोळ्या आणून उरलेल्या पुढच्या तापासाठी ठेवलेल्या. यांतल्या काही औषधांच्या विक्रीची दुकानदाराला वेगळी नोंद ठेवायला लावणारी औषध नियमांतली एच-१ अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू आहे, पण डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते. ओट्यावर बसून आजींना सावकाश समजावून सांगणारी विद्यार्थिनी त्या घटकेला डॉक्टरइतकेच मोलाचे काम करत असते.

कोल्हापुराला याची निकड पाण्याने जाणवून दिली. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, वाहतूक कित्येक दिवस थांबली, आणि रोजच्या गोळ्यांवर जगणाऱ्यांची काळजी वाढली. पाणी ओसरल्यावर लेप्टोचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका असतो. त्यासाठी चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतात. ती कोणी घ्यायची, गरोदर बाईला का द्यायची नाही, पाण्यात क्लोरीनची गोळी टाकल्यावर किती वेळ थांबायचे, हे घरोघरी सांगायला माणसे लागतात. पुरात भिजलेली औषधे वाळवून पुन्हा वापरायची नसतात, हेही सांगावे लागते.

मग ती औषधे जातात कुठे? बहुतेक घरांत उत्तर एकच: कचऱ्यात, नाहीतर मोरीत. मोरीतून गटारात, गटारातून शहरातल्या जयंती नाल्यात, तिथून पंचगंगा नदीत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे मुळात औषधी रेणू काढण्यासाठी आखलेली नसतात. औषध शरीराबाहेर गेल्यावर काय करते याचा भयानक धडा गिधाडांनी दिला. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. २००४ मध्ये कारण सिद्ध झाले, २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. हा धडा प्रत्येक फार्मसी वर्गात शिकवला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली आणि ती वेगळी ठेवायला सांगितले. तरी घंटागाडीपाशी उभे राहून पाहा, ती ओल्या-सुक्यातच मिसळून जातात. केरळने उरलेली औषधे परत गोळा करण्याची सरकारी योजना सुरू केली आहे. आपल्याकडे ते काम सुरू करायला सर्वांत जवळची जागा फार्मसी कॉलेज आहे. तिथे औषध ओळखणारे शिक्षक आहेत, वर्गवारी करू शकणारे विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्यातलेच अनेकजण उद्या गल्लीगल्लीतल्या दुकानांत बसणार आहेत.

नदीकडून डोंगराकडे गेले तर दुसरी बाजू दिसते. आजरा, चंदगड, राधानगरीच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. घाण वासामुळे पडलेले नाव. त्यात कॅम्पटोथेसिन असते. हा रेणू १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळा केला गेला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आपल्या नरक्यात सापडला, आणि त्याच्यावरून बेतलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. इकडे नरक्याची बेकायदा तोड इतकी झाली की सह्याद्रीतून तो विरळ होत गेला. फार्मसी कॉलेजला औषधी वनस्पतींची बाग ठेवावी लागते. बहुतेक बागांत तुळस, अडुळसा, कोरफड असतेच. आजरा-चंदगडकडच्या मुलांनी नरक्या रानात पाहिलेला असतो, त्याचे ओंडके भरलेला ट्रक पकडल्याची बातमी ऐकलेली असते. वर्गात फळ्यावर कॅम्पटोथेसिनची रचना काढली जाते तेव्हा तेच झाड त्यांना दुसऱ्यांदा भेटते.