मामांच्या डोळ्यातले लाल ठिपके

मागच्या फेब्रुवारीत मामीचा पिंपळगावहून फोन आला, म्हणाली बारा वर्षं झाली ह्यांना शुगर आहे, डोळ्याचा पडदा एकदाही तपासला नाही, तू घेऊन जा. द्राक्षाची काढणी चालू असताना मामांना बागेतून उठवून नाशिकला आणायचं म्हणजे सोपं काम नाही. त्यांचं एकच म्हणणं, "अरे मला सीबीएसला लांबून एसटीचा बोर्ड वाचता येतो, डोळे कशाला दाखवायचे?"

थेंब टाकून बसवलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, मग पडद्याचा फोटो काढला. स्क्रीनवर केशरी गोल, त्यावर मुळांसारख्या पसरलेल्या लाल रेषा आणि एका बाजूला टाचणीने टोचल्यासारखे सहा-सात लाल ठिपके. डॉक्टर म्हणाले, हे बारीक रक्तवाहिन्यांना आलेले फुगे. आणि मामांना दिसण्यात तसूभरही फरक जाणवत नव्हता!

मामा लगेच म्हणाले, "म्हणजे ड्रीप चोकअप झालं." बागायतदार माणूस, दुसरं काय सुचणार. पण खरी गोम इथेच आहे, आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की साखरेने रक्त घट्ट होतं आणि नळी तुंबते. ठिबकमध्ये क्षार बसतात, ॲसिड सोडलं की लाईन मोकळी होते, नळी मात्र चांगलीच असते. डायबेटीसमध्ये आधी बिघडते ती नळीच.

ह्या नळ्या म्हणजे केशवाहिन्या, रुंदी 5 ते 10 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस त्याच्या साधारण दहापट जाड असतो. लाल पेशी स्वतःच 7-8 मायक्रॉनची, त्यामुळे कित्येक ठिकाणी ती वाकून, अंग चोरून पुढे जाते. भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची, कारण ऑक्सिजन आणि अन्न ह्याच भिंतीतून बाहेर जायचं असतं. आता शरीरातल्या बऱ्याच पेशी रक्तात साखर वाढली की आपलं दार थोडं लावून घेतात, ह्या भिंतीच्या पेशींना ते जमत नाही, रक्तात जेवढी साखर जास्त तेवढी आत घुसते. मग आत घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, साखर प्रोटीनला चिकटून बसते, पेशींखालचं अस्तर जाड होत जातं आणि जाड होऊनसुद्धा गळकं होतं. डोळ्याच्या पडद्यात ह्या नळ्यांना बाहेरून मिठी मारून आधार देणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट म्हणतात त्यांना, त्या मरायला लागतात. जिथला आधार गेला तिथे नळी फुगते, मामांचे ठिपके हे असे.

पुढे काही नळ्या बंद पडतात, पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो आणि नवीन नळ्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतो. पण हे फुटवे नको तिथे येतात, कच्चे असतात, आणि त्यातून डोळ्यात रक्त उतरतं. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं ह्याच टप्प्यावर किंवा पडद्याला सूज आली की लागतात, आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

किडनीचंही तसंच. एकेका किडनीत साधारण 10 लाख गाळण्या, प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचं गुंडाळं. गळायला लागली की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरतं, पण सुरुवातीला इतकं थोडं की साध्या लघवी तपासणीत सुटून जाऊ शकतं, म्हणून लघवीतलं हे अल्ब्युमिन मोजणारी एसीआर नावाची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. आकडा 30 (मिग्रॅ/ग्रॅम) च्या वर आला तर डॉक्टर पुन्हा करायला सांगतात, कारण ताप किंवा इन्फेक्शननेही तो वाढतो. सूज यायची वाट बघू नका हो, सूज फार उशिरा येते.

नसांना रक्त पुरवणाऱ्या नळ्याही अशाच बारीक, शिवाय साखर नसेला थेटही मारते. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा आधी तळपायाला. एप्रिलच्या दुपारी रामकुंडावर अनवाणी चालताना दगड चटचट भाजतो, आपण उड्या मारत सावली गाठतो, पण बधिर पायाचा माणूस शांतपणे चालत राहतो आणि घरी आल्यावर फोड दिसतो.

हे थांबवता येतं का? बरंच येतं. अमेरिकेत आणि कॅनडात टाईप 1 डायबेटीसच्या 1441 लोकांवर मोठा अभ्यास झाला, 1993 साली निकाल आला. साखर कडक सांभाळलेल्यांपैकी ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. टाईप 2 वरचा ब्रिटनचा अभ्यास 1998 चा, त्यात नुसतं बीपी नीट ठेवल्याने बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास 37 टक्क्यांनी कमी झाले. मला वाटतं आपल्याकडे ही बीपीची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. आणि रिपोर्टच्या आधी दोन दिवस भात बंद करून फास्टिंग चांगली आणणाऱ्यांनो, लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, तिच्यात चिकटलेली साखर मोजणारी एचबीएवनसी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगते.

मामांना लेझर वगैरे काही लागलं नाही, साखर-बीपी सांभाळा आणि वर्षाने परत या एवढंच सांगितलं. परत निघताना बाहुल्या अजून मोठ्याच, ऊन सोसेना, डोळ्यावर उपरणं धरून माझ्या गाडीवर मागे बसले. तेव्हापासून मामी रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय बॅटरी मारून बघते. परवा टाचेत बाभळीचा काटा निघाला, चांगला पेरभर आत गेलेला, आणि मामा दिवसभर त्याच पायाने बागेत फिरत होते.