उंटाच्या ग्रंथीतलं 31 मण्यांचं शेपूट

मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत पियूषिका ग्रंथी बसलेली असते. वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्यातलं नवं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ, शोधायचं तर एका ग्रंथीने भागत नसे. ढिगाने ग्रंथी गोळा करायच्या, वाटायच्या, अर्क गाळत गाळत शुद्ध करायचा. मग हाती आलेल्या चिमूटभर भुकटीतली माळ एडमन पद्धतीने वाचायची: टोकाचा एक मणी तोडा, ओळखा, पुढचा तोडा. चिकाटीचं काम.

कॅलिफोर्नियात चो हाओ ली यांच्या गटाने 1965 साली मेंढीच्या ग्रंथीतलं 91 मण्यांचं बीटा-लिपोट्रोपिन असंच वाचलं. ते चरबी वितळवतं, एवढंच कळलं होतं. चरबी म्हटल्यावर लींना आठवला उंट. इराकहून उंटाच्या वाळवलेल्या ग्रंथी आणल्या, तर त्यांत बीटा-लिपोट्रोपिन नाहीच! सापडलं ते त्याचं 31 मण्यांचं शेपूट. त्याचं करायचं काय, हे तेव्हा उमगलं नाही.

1975 मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलित्झ यांनी डुकराच्या मेंदूतून मॉर्फिनसारखं काम करणारी दोन पेप्टाइडं काढली. त्यातल्या एकाचे मणी: टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलॲलनिन, मेथिओनिन. हेच पाच, याच क्रमाने, दहा वर्षांपूर्वी छापलेल्या लींच्या माळेत 61 ते 65 या जागी होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! आणि उंटाचं शेपूट नेमकं 61व्या मण्यापासून सुरू होत होतं. तेच बीटा-एंडॉर्फिन, शरीराचं स्वतःचं मॉर्फिनसारखं पेप्टाइड. 1976 मध्ये ते माणसाच्या पियूषिकेतूनही वेगळं केलं गेलं; उंटाच्या तुलनेत फक्त 27वा आणि 31वा मणी निराळा.

मग 1979 मध्ये जपानच्या क्योटोत नुमा यांच्या गटाने गायीच्या पियूषिकेतल्या आरएनएवरून मूळ लांब माळच वाचली. बीटा-लिपोट्रोपिन आणि एसीटीएच (मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवायला लावणारं पेप्टाइड) ही दोन्ही तिचेच तुकडे. लायसिन-आर्जिनिनसारख्या जोड्या दिसल्या की विकरं तिथे कात्री चालवतात.

एसीटीएचचे पहिले 13 मणी म्हणजे त्वचेला रंग आणणाऱ्या अल्फा-एमएसएचची माळ. ॲडिसनच्या आजारात कॉर्टिसॉल घटतं, ते भरून काढायला पियूषिका एसीटीएच ओतत राहते, आणि रुग्णाच्या तळहातावरच्या रेषा काळ्या पडू लागतात.