मदत आणि जबाबदारी: तिशीतल्या पोरांचा नेहमीचा घोळ

"मी घरात खूप मदत करतो हां." तिशीला टेकलेला मित्र असं छाती फुगवून बोलला की माझं डोकंच उठतं. अरे, घर तुझंच ना? मग मदत कोणाला करतोयस?

मदत म्हणजे काय, हे आपल्या पोरांना शिकवायला नको. मित्राचं कपाट चौथ्या मजल्यावर चढवायचंय, रात्री दोनला गाडी बंद पडलीय, हाक मारा, चौघं हजर. मदतीला वेळ कमी लागतो, जबाबदारीला जास्त. मदतीचे आभार मानले जातात, जबाबदारीचे नाही. हे फरक खरे, पण किरकोळ.

खरी गोची पुढे आहे. बाबांना रक्तदाबाची गोळी रोज लागते. आईने सांगितलं आणि तू जाऊन आणलीस, ही मदत. पाकिटात चारच गोळ्या उरल्यात, मध्ये सुट्टी येतेय, डॉक्टरांची चिठ्ठीही जुनी झालीय, हे कोणी न सांगता तुझ्या लक्षात येणं, आणि दोन दिवसांनी बाबा त्या खरंच घेतायत का ते बघणं, ही जबाबदारी. दुकानातली फेरी दोन्हीकडे सारखीच. म्हणून तर फेरी मारून आलेल्याला वाटतं, झालं की माझं काम.

ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरकामाच्या या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच हेरणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नीट झालं का यावर लक्ष ठेवणं. त्यांना दिसलं की निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा मुख्यतः बायकांच्या गळ्यात पडतो. आता कळलं, "आम्ही सगळं मिळून ठरवतो" हे सांगताना आपल्याला एवढं निर्धास्त का वाटतं? ठरवतोस रे, पण तुझ्यापुढे तीन पर्याय मांडले कोणी?

आणि "तू फक्त सांग, काय करायचं ते" हे तर माझ्या मते सगळ्यात वाईट वाक्य. ऐकायला नम्र, पण लक्षात ठेवायचं ओझं जिथल्या तिथे.

बायको-आईचं उदाहरण पटत नसेल तर आपला ग्रुप बघा. आमच्यात सहलीचं सगळं एकच जण बघायचा. बाकीचे "मी येतो, पैसे किती सांग" म्हणून मोकळे. वर त्यालाच "फार कटकट करतो" म्हणायचे, मीही म्हणायचो. एका वर्षी त्याने काहीच केलं नाही. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "यंदा कुठे?" सगळ्यांनी वाचलं, आठवडाभर एक शब्द नाही. शेवटी मी सगळ्यांच्या सुट्ट्या विचारून कागदावर मांडायला बसलो. सहा जणांत एकही तारीख जुळेना. तिसऱ्या दिवशी त्यालाच फोन लावला, "तू कसं करायचास रे हे?"

तो बराच वेळ हसत होता.