पंप थरथरतोय: पाणी उकळतंय की पाती ठोके देतायत?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या पंपदुरुस्तीच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात एकच तक्रार येते. "मालक, आत खडं गेल्यागत वाजायलंय, बेअरिंग बदला." मोहोळच्या एका गृहस्थांनी तर दोनदा बदलून घेतलं होतं. शेवटी इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक) काढून त्यांच्या हातात दिला. पाणी शिरतं त्या बाजूला पाती वाळवी लागल्यागत खाल्लेली.

हे कॅव्हिटेशन. विहीर खाली गेली की सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूचा, दाब इतका उतरतो की थंड पाणीसुद्धा उकळतं. बुडबुडे पुढे दाबात सापडून फुटतात आणि फुटताना धातूचे कण उडवतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब आधीच थोडा कमी. पाण्यापासून पंपापर्यंत सहा-सात मीटरपेक्षा जास्त सक्शन देऊ नये.

दुसऱ्या थरथरीत पाण्याचा दोष नसतो. प्रत्येक पातं केसिंगच्या (पंपाच्या कवचाच्या) जिभेजवळून, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या टोकाजवळून, जाताना दाबाचा एक ठोका बसतो. 1440 आरपीएम म्हणजे सेकंदाला 24 फेरे. पाती पाच, तर 120 ठोके. आवाज खड्यांचा नाही, एकसुरी घुमण्याचा. (चार पाती असली तर 96 ठोके, मोटरच्या 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) गुणगुणीला खेटून. तिथं कानावर विसंबू नका.)

ओळखायचं कसं? डिलिव्हरीचा (पाणी बाहेर पडण्याच्या बाजूचा) व्हॉल्व्ह जरा आवळा. खडखड कमी झाली तर कॅव्हिटेशन. घुमणं वाढलं तर बहुतेक पात्यांचा प्रकार. आमचे लोक पाणी कमी येतंय म्हणून उलट व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात.

अणुभट्टीतही हे दोन्ही घडलंय. कॅनडातल्या डार्लिंग्टन अणुवीज केंद्रात 1990 मध्ये इंधनाचे जुडगे मोडलेले सापडले. पंप शाबूत होते, पण पाच पात्यांचे 150 हर्ट्झचे ठोके (तिथं सेकंदाला 30 फेरे) पाइपांतून थेट इंधनापर्यंत पोचत होते. सात पात्यांचे इंपेलर बसवले, ठोक्यांची गती बदलली, प्रश्न मिटला. बेअरिंग बदलून काय होणार होतं?

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचं उलटं. तसल्या भट्टीत सुमारे 150 वातावरणांचा दाब असतो, म्हणून तीनशे अंशांचं पाणीही उकळत नाही. 28 मार्च 1979 ला एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला, दाब पडला, पाण्यात वाफ झाली आणि मुख्य पंप जोरात थरथरू लागले. (काटेकोर बोलायचं तर हे कॅव्हिटेशन नव्हे, वाफ-पाण्याचं मिश्रण, पण मूळ तेच, दाब कमी पडला.) पंप मोडतील म्हणून ऑपरेटरांनी पहाटे 5:14 ला दोन आणि 5:41 ला उरलेले दोन बंद केले. थरथर म्हणजे पाणी उकळत असल्याची खूण होती, ती कोणी वाचली नाही. भट्टीच्या गाभ्याचा, म्हणजे इंधन असतं त्या भागाचा, जवळपास निम्मा भाग वितळला.

मोहोळच्या पंपाला तिसरं बेअरिंग लागलं नाही. विहिरीत चार फूट खाली कट्टा बांधून तो उतरवला आणि इंपेलर नवा टाकला. आधी काढलेली दोन्ही बेअरिंगं शेडच्या खिडकीत पडून आहेत, चांगली फिरतात.